झील धरणारा माणूस

मले तीनशे भजनं तोंडपाठ हायेत. फक्त हरेक कडव्याचा पयला शब्द मांगून कोणीतरी सांगा लागते.

पयला शब्द भेटला का मंग मी थांबत नाही. आख्खं कडवं सरसर येते, जसं दोरीचं टोक हाती लागलं का बादली वर येते. पण ते टोक माह्या हाती कधीच नव्हतं. ते होतं माह्या दोस्ताच्या तोंडात. तो सातवी पास. भजनाची आख्खी वही त्याले पाठ. मी शाळेत गेलोच नाही असं नाही, एक दिवस गेलतो. आमची बकरी आत घुसली होती, तिले आणाले.

खंजेरी भजन ज्यायनं आयकलं नसन त्यायच्यासाठी सांगतो. एक जण समोर बसते, हातात खंजेरी, तो म्हणते. बाकीचे मांग बसतात, अन् त्यानं ओळ सोडली का सारे मिळून ते ओळ उचलतात. त्या उचलण्याले झील म्हणतात, उचलणारा तो झीलकरी. लोक पाह्यतात समोरच्याकडं. हार समोरच्याच्या गळ्यात पडते. मी तीस वर्सं समोर बसलो अन् माहा दोस्त तीस वर्सं माह्या उजव्या खांद्यामांग. खंजेरीच्या आवाजात तो हळूच शब्द सोडे, अन् मी असा डोळे मिटून उचलो, जसा काही देवानंच कानात सांगतला.

एकदा एका गावाले तो कानात म्हणे, "इच्चू." म्या तशीच तान घेतली, "इच्चू रे इच्चूऽऽ!" मांगच्यायनं झील बी धरली. दोन येळा झाल्यावर सतरंजीवर खरंच नांगी उभारलेला इच्चू दिसला, तवा सारे उठून पयाले. मांडवातला एक म्हतारा मांगून मले म्हणे, "महाराज, इच्चूचं भजन पुरं नाही झालं, मोठं गहन होतं."

लोक म्हणत, याच्या डोस्क्यात भजनायची पेटी हाय पेटी. मी मान डोलवो. अन् परतेक कार्यक्रमात ओळख करून देताना दोस्ताकडं हात करून म्हणो, "हे आमचे झीलकरी. यायले गाणं येत नाही, हे चहासाठी येतात." मांडव हासे. तो बी हासे. तीस वर्सं एकच चुटका, अन् तीस वर्सं तो पयल्यांदा आयकल्यासारखा हासे.

तं एक दिवस आमच्या सरपंचबाईनं मले बलावलं. म्हणे, "काकाजी, आठवी ते दहावीचे पोट्टे सारा दिवस मोबाईलमंदी मुंडकं घालून बसतात. तालुक्याले पोरायच्या भजनाची स्पर्धा हाय. तुम्ही शिकवा." म्या छाती फुगवली. बाहेर येऊन दोस्ताले म्हटलं, "मले मास्तर केलं बे." तो म्हणे, "शाळेत पोरगा म्हणून तं नाही गेला, मास्तर म्हणून चालला."

समाजमंदिरात शाळा सुटल्यावर आठ जण जमत. त्यायच्यातली एक दहावीतली पोट्टी, आवाज असा का देवळातली घंटा. तिलेच मुखिया केलं, समोर बसून म्हणाले. तीच आता हे लिहून राह्यली. मी बोलतो, ती लिहिते. म्या इचारलं, तुह्याबद्दल वाईट आलं तं लिहिशीन का? तं म्हणे, "तुमच्याबद्दल लिहून राह्यली, मंग माह्याबद्दल लिहाले काय होते."

तं लिही. पयल्याच हप्त्यात तिनं मुखियापणा दाखवला. आठवीतल्या एका पोट्ट्याचा आवाज नुकताच फुटला होता, तोंड उघडलं का एक आवाज वरून निंगे अन् एक खालून. तिनं खंजेरी थांबवली. "ए, तू बाहेर बस. तुह्यानं साऱ्यायचं बिघडते." पोट्टा कान लाल करून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. बाकीचे खी खी हासले. मीच पयले हासलो, खोटं कायले बोलू.

दोस्तानं मले कोपर मारलं. "हासतो काय? पोट्ट्याले आत घे."

"मुखिया ते हाय."

"मंग तिले शिकव ना मुखिया कसं व्हाचं ते. मास्तर हायेस ना तू?"

आता मास्तर काय करते हे मले कुठून मालूम? येवढंच आयकलं होतं का शाळेत पोरायले भिंतीकडं तोंड करून उभं करतात. म्हणून म्या तिले हुकूम सोडला, "जा, भिंतीकडं तोंड करून बस. आज तू गाणार नाही."

ते तरतर गेली अन् भिंतीले नाक लावून बसली. पाठीवरून समजे का रडून राह्यली. बाकीचे म्हणाले लागले. दहा-पंधरा मिनिटं झाले असतीन, ते तशीच, मान न फिरोता म्हणे, "काका, तुम्ही सारे पयता."

"पयतो म्हणजे?"

"दुसऱ्या ओळीपासून ठेका सोडून सारे पुढं पयता. एकच जण पयत नाही. बाहेर कोणीतरी मांडीवर थाप मारून राह्यलं, ते बरोबर हाय."

आम्ही दाराकडं पाह्यलं. बाहेर ओट्यावर तो फुटक्या आवाजाचा पोट्टा, आपल्याच नादात, मांडीवर ठेका धरून बसला होता. इकडं आम्ही थांबलो तरी त्याचा ठेका चालू होता. पोट्टी उठली, दारात गेली, अन् उभ्या उभ्या म्हणे, "ये बे आत. खंजेरी तू धर." माफी नाही मांगतली. दहावीतलं पोरगं आठवीतल्याले माफी मांगत नसते. पण आपल्या हातची खंजेरी देल्ली, ते काही कमी नाही.

झालं, म्या लगेच म्हटलं, पाहा, हे माही शिकवाची रीत हाय! शिक्षा देल्ली होती, रीत होऊन बसली. त्या दिवसापासून रोज दहा मिनिटं मुखियानं भिंतीकडं तोंड करून बसाचं अन् नुसतं आयकाचं. मंग फिरून एकेकाचा गुण सांगाचा. ऐब नाही, गुण.

तुमाले वाटन सोपं हाय. ऐब सांग म्हटलं का पोट्टे धडधड सांगतात: हिची नाकात बोलाची सवय, त्याच्या तोंडाचा वास येते. गुण सांग म्हटलं का जिभेले कुलूप. पयल्या दिवशी ते सातवीपासूनच्या मैत्रिणीबद्दल काय म्हणे, तं "हिची वेणी चांगली हाय." म्या म्हटलं, वेणी गाते काय? पण हळूहळू जमलं. "हिचा दम लंबा हाय, आम्ही श्वास घेतो तवा हे एकटीच ओळ धरून ठेवते." "हा चुकला का हासत नाही, म्हणून दुसरा बी चुकत नाही." एक पोट्टी कोलामाच्या पोडावरून, जंगलातल्या वस्तीवरून, पायी येत जाय, बोले नाही चाले नाही. तिच्याबद्दल म्हणे, "हे सुरू झाल्याबिगर मले सुरूच करावं वाटत नाही." ते पोट्टी ओढणीनं तोंड झाकून बसली, पण दुसऱ्या दिवसापासून सर्वांच्या आंधी येऊन झाडू मारून ठेवे.

मी त्यायले मोठ्या तोऱ्यात सांगो, "पोट्टेहो, मुखिया म्हणजे कोण? जो मोठ्यानं म्हणते तो नाही. ज्याले मांगच्यायचं आयकू येते तो." हे वाक्य बी माहं नाही. रस्त्यानं येता येता दोस्त म्हणाला होता, म्या समाजमंदिरात येऊन सांगून देल्लं.

मंग एक दिवस पोट्टे म्हणाले, तुम्ही दोघं म्हणून दाखवा. मुखिया तिच्या जाग्यावर, भिंतीकडं तोंड. आम्ही एक लंबं भजन म्हटलं. झाल्यावर म्या ऐटीत इचारलं, "हं, सांग. काय आयकू आलं?"

ते लगेच फिरली नाही. भिंतीलेच म्हणे, "काका, तुमच्या मांग कोणीतरी तुमच्या आंधी बोलते. हरेक कडव्याले."

सारे माह्याकडं अन् दोस्ताकडं पाहून राह्यले. तीस वर्सात येवढ्या मांडवायनं, येवढ्या लाऊडस्पीकरवाल्यायनं धरलं नाही, ते या पोट्टीनं धरलं, अन् माह्याच रीतीनं धरलं. सांगाचा तोच टाइम होता. चार शब्द पुरे होते. पण जीभ आपल्या जुन्या रस्त्यानं गेली. म्हटलं, "तो? तो मले इचारून राह्यला होता का चहा कवा भेटते!"

पोट्टे हासून हासून लोटपोट. दोस्त बी हासला, खंजेरीच्या झांजा बोटानं पुसत. एक मुखिया तेवढी हासली नाही.

घरी जाताना पांदणीच्या वाटेवर तो म्हणे, "पोट्टीचे कान चांगले हायेत."

"हाव."

"सांगून देल्लं असतं तं काय झालं असतं बे?"

"इज्जत गेली असती."

"कोणाची?" तो म्हणे. मंग आपण होऊनच खर्ऱ्याची पन्नी काढली, अर्धा मले देल्ला, अर्धा आपल्या तोंडात टाकला.

खर्रा आमचा रोजचा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. दिवसाले किती होत ते नको लिहू.

त्याच्यानंतर दोन-तीन मयन्यात त्याचे शब्द मले बरोबर आयकू येईनात. घोळ घोळ आयकू येत. एका गावाले मी भर भजनात अडकलो, लोकायच्या समोर खाकरून येळ मारून नेली, अन् उतरल्यावर त्याच्यावर खेकसलो, "अबे, तोंडातला खर्रा थुकत जाय ना पयले! काय समजते मले?"

तो माह्यासमोर तोंड उघडून दाखवाले गेला, तं दोन बोटंच उघडलं. खर्रा नव्हताच तोंडात.

नागपूरले नेलं. डॉक्टरनं जबडा कापला, जीभ अर्धी काढली. तोंडावर दुपट्टा गुंडाळून घरी आला. म्हणजे तो वाचला असं आम्ही म्हणत होतो. मी रोज जावो. खाटेपाशी बसो अन् चुटके सांगो. त्याचं पातळ जेवण नळीतून जाय, तवा बी सांगो. वयनी, म्हणजे त्याची बायको, नळी धरून उभी राहे अन् माह्याकडं पाहे. मले वाटे माही तारीफ करून राह्यली, का पाहा, दोस्ताले हासोते.

इकडं पोट्टे बी त्याच्याकडं जाऊ लागले. मुखिया नवी वही घेऊन गेली अन् तो त्यायले भजनं लिहून देऊ लागला, आपल्या हातानं, एकेक कडवं, पयला शब्द ठळक करून. पोट्टे खाटेभोवती बसून म्हणत. कोणी चुकलं का तो बोटानं खाटेच्या पाटीवर ठोके. फुटक्या आवाजाचा पोट्टा त्या ठोक्यावरून ठेका शिके. मी दारातून पाहो. मास्तर मी, अन् शाळा तिथं भरून राह्यली होती.

एक दिवस पोट्टे गेल्यावर, दुपारचं, मी त्याच्यापाशी सरकलो. वयनी मांगं भांडे घासून राह्यली होती. म्या चुटका नाही सांगतला. म्हटलं, "आयक बे. मले काहीच येत नव्हतं. जे होतं ते तुहं होतं. मी फक्त तोंड हालवो." येवढंच. घाम आला मले, कपाशीचं एक पोतं उचलल्यावानी.

त्यानं मंग वहीचं एक पान फाडलं, लिहिलं, अन् माह्या हाती देल्लं. तीस वर्सं तो मले शब्द सांगे ते तोंडानं. आता लिहून देल्ला, तं मले वाचता येईना. वयनीले बी सहीपुरतंच येते. तो खाटेवर बसून पाहून राह्यला अन् मी ते पान उलटं-सुलटं करून राह्यलो. शेवटी पान खिशात टाकून पोट्टीच्या घरी गेलो. ते अभ्यास करून राह्यली होती.

तिनं वाचलं: "मले काय सांगतो? मले मालूम हाय. पोरायले सांग."

"काय सांगाचं हाय, काका?" ते म्हणे.

माणूस आपल्या अंगणात, दिवसाउजेडी, एका पंधरा वर्साच्या पोरीले भेते, हे मले त्या दिवशी समजलं. म्हटलं, "काही नाही, स्पर्धेच्या दिवशी चहा कोण आणन त्याचं हाय."

तिनं पानाची घडी केली अन् मले वापस देल्ली. "बरं," म्हणे. "मंग स्पर्धेच्या दिवशीच सांगा."

तालुक्याले, घाटंजीले, स्पर्धा होती. दोस्तानं हट्ट धरला, येतो म्हणून. जीपमंदी समोर बसवून नेला, तोंडाले दुपट्टा. पयल्या लाइनीत खुर्ची देल्ली. आमच्या पोट्ट्यायचा नंबर आला. सारे मंडळं आपल्या मुखियाचं नाव सांगून सुरू करत होते. आमची मुखिया उभी राह्यली अन् आपलं नाव सांगतलंच नाही. एकेकावर हात ठेवून सांगतलं. "याच्या ठेक्यावर आम्ही चालतो. हिच्या दमावर आमची ओळ टिकते. हे सुरू झाल्याबिगर आमचं भजन सुरू होत नाही." सात जणायचं सांगतलं. फुटक्या आवाजाच्या पोट्ट्याचा बाप मांग उभा होता, तो खाली बसला अन् टोपीनं डोळे पुसू लागला.

मंग ते म्हणे, "अन् आमाले ज्यायनं भजनं लिहून देल्ले ते आमचे झीलकरी काका समोर बसले हायेत. त्यायचा गुण आमचे मास्तरकाका सांगतीन." अन् माईक माह्या हाती देल्ला.

तिनं मले जागा करून देल्ली होती. पाट मांडून, पाणी ठेवून देल्लं होतं. फक्त बसाचं होतं.

म्या दोस्ताकडं पाह्यलं. त्याचे डोळे तेवढे दिसत होते. येवढे लोक. पंच. दुसऱ्या गावचे भजनवाले, जे मले महाराज म्हणत. म्या माईक तोंडापाशी नेला अन् म्हटलं, "हे आमचे झीलकरी..." येवढ्यावरच ओळखीचे लोक हासाले लागले. त्यायले मालूम होतं पुढं काय हाय. अन् हासू आयकलं का मी माहा राहत नाही. म्हटलं, "... हे चहासाठी येत होते. आता चहा बी बंद झाला बिचाऱ्यायचा!"

लय हासले लोक. त्याच्या दुपट्ट्याआड काय झालं ते मले दिसलं नाही. हासला का नाही, आज बी सांगता येत नाही. हासत असन तरी आता त्याच्यापाशी हासाले तोंडच कुठं होतं.

पोट्टे मन लावून म्हणाले. तिसरा नंबर आला. येताना जीपमंदी मुखिया माह्यासंग बोलली नाही. माह्या बाजूची जागा खाली होती, तरी ते मांग, जिथं थकलेल्या दोस्ताले आता लेटवलं होतं, त्याच्या पायापाशी बसून आली.

तुरीच्या शेंगा भरत होत्या तवा तो गेला. सकायी गेला. मी पोचलो तं वयनी म्हणे, "भाऊजी, आज चुटका नका सांगू." म्या सांगणारच नव्हतो. पण तिले तसं वाटलं, हे माही कमाई.

तेरवीले गावजेवण होतं. जेवणाच्या आंधी मांडवात भजन. पोट्ट्यायनं म्हटलं, मी नाही बसलो. भजन झालं, अन् म्या उभं राहून सारं सांगतलं. का मले अक्षर येत नाही. का हरेक कडव्याचा पयला शब्द त्याचा होता. का तो चहासाठी कधीच येत नव्हता, चहा तं तो पेतच नव्हता, मीच त्याच्या वाटचा पेवो. का तुम्ही मले जे हार घातले ते एक हात मांगं पडाले पायजे होते. सांगता सांगता रडलो. पयल्यांदा लोकायसमोर रडलो अन् कोणी हासलं नाही.

मांडवात बाया डोळे पुसू लागल्या. माजी पोलीसपाटील उठले, माह्या खांद्यावर हात ठेवला अन् साऱ्यायले म्हणाले, "पाहा, याले म्हणतात मोठं मन. आजच्या काळात कोण असं कबूल करते? माणूस असावा तं असा!" दोन-चार जण हाव हाव म्हणाले. कोणीतरी तं हात जोडले मले. त्याच्या तेरवीत बी तारीफ माहीच झाली. अन् खरं सांगू, त्या खांद्यावरच्या हातानं मले जरा बरंच वाटलं.

वयनी घराच्या दारात उभी होती. पदर डोक्यावर, हातात वाढाचं भांडं. ते मांडवात आली नाही. तिथूनच, मोठ्यानं नाही, पण साऱ्यायले आयकू जाईन असं म्हणे:

"भाऊजी, तोंड त्यायचं गेलतं. तुमचं तं होतं ना?"